सोजरबाईचा ओटा

फोपनारात कुणालाही विचारा, सोजरबाई पोकलेनसमोर कशी बसली ते तो हातवारे करून सांगेल. डोक्यावर पदर, मांडीवर पिठाची परात आणि समोर ते पिवळं धूड. 'चालव माह्यावरून,' म्हणाली. ऑपरेटरनं इंजिन बंद केलं, ठेकेदाराचा माणूस धावत आला, सरपंच आला आणि नदीतला डोह वाचला. एवढं सांगून माणूस तंबाखू मळायला घेतो, म्हणजे गोष्ट संपली.

ती संपत नाही. डोह वाचला हे खरं, पण डोहाच्या बदल्यात सोजरबाईनं काय देऊन टाकलं, हे कुणी सांगत नाही. गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे, आणि अर्ध्या गोष्टींना आपल्याकडे फार मागणी. उरलेली अर्धी पुढच्या वर्षीच्या ज्येष्ठातल्या अमावास्येला घडली. तिच्यात सोजरबाई पहिल्यापासून चुकत जाते. म्हणून तर ती सांगायची.

सोजरबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला दोन कामं नेमून दिली, म्हशीचं आणि माशांचं. दर अमावास्येला कणकेच्या गोळ्या करायच्या आणि गावाखालच्या नदीच्या डोहात सोडायच्या. नदी म्हणजे सरकारी कागदावर नाला, पण फोपनारात तिला नाला म्हणून पाहा. सातपुड्यातून उतरते, केळीच्या बागांना वळसा घालते आणि पुढे तापीला मिळते. उन्हाळ्यात तिची धार तुटते, पण डोह आटत नाही आणि त्या डोहात बाडस राहतात. मोठ्या सोनेरी खवल्यांचे मासे, काही हाताएवढे, काही मांडीएवढे. पुस्तकात त्यांना महसीर म्हणतात. या डोहात कुणी गळ टाकायचा नाही, असा गावाचा नेम. तो कुणी घालून दिला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडणाऱ्याला सोजरबाईची जीभ ठाऊक होती.

डोहाचा काठ उभा आणि निसरडा. एका अमावास्येला सोजरबाई परातीसकट घसरली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसली. तिच्या नवऱ्यानं, भाईदासनं, त्याच हिवाळ्यात काठाला ओटा बांधला. नुसता चौथरा नव्हे. बैलगाडी वळेल एवढा रुंद, तिन्ही बाजूंनी घडीव दगडाची भिंत, पोटात नदीतलेच गोटे गाड्या भरभरून ओतलेले आणि पाण्यापर्यंत उतरत्या पायऱ्या. गाव हसलं. बायको एकदा पडली तर हा घाट बांधतो, दोनदा पडली असती तर किल्ला बांधला असता, असं लोक म्हणत. भाईदास मुळात कमी बोलायचा. तो म्हणे, बांधला तर बांधला.

मग काही वर्षांपूर्वी भाईदास गेला. त्याचा दहावा त्याच ओट्यावर झाला. मुलानं, नीलेशनं, वरच्या पायरीत बापाच्या नावाचा काळा दगड बसवला. नीलेश केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. घरात राहतात त्या दोघीच, सोजरबाई आणि सून रश्मी. नवऱ्याचं नाव सोजरबाई तोंडानं घेत नाही, तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत. पण अमावास्येला त्या दगडाशेजारी बसून गोळ्या सोडताना ती महिन्याचं सगळं बोलून टाकायची. म्हशीचं बोलायची, पावसाचं बोलायची, सुनेचं जरा जास्तच बोलायची.

रश्मी बुऱ्हाणपूरची, शहरातल्या बुधवाऱ्यात माहेर. प्राणिशास्त्र घेऊन शिकलेली, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. सासूला 'मम्मी' म्हणते. तो शब्द सोजरबाईच्या कानाला कधी गोड लागला नाही, पण लागत नाही असं ती कधी म्हणालीही नाही. एवढी फटकळ बाई, पण सुनेशी भांडली असं कुणी पाहिलं नाही. दोघींमध्ये एक चुलीएवढं अंतर होतं आणि दोघी ते राखून होत्या.

तर एका पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. डोहाच्या खालच्या अंगाला काठ फुटला आणि गजाननची केळीची बाग घडांसकट नदीत गेली. गजाननचं शेत डोहाला लागूनच. त्याच्या बागेमागे खालची आळी, तिच्या उंबऱ्यांना पाणी लागलं. मग पुढच्या उन्हाळ्यात नदी पुनरुज्जीवनाचा फलक लागला. गाळ काढायचा, पात्र मोकळं करायचं, काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचं. काम वाईट नव्हतं. नदी खरंच गाळानं भरली होती आणि गजाननची बाग खरंच गेली होती. पण नकाशात डोहही भरून सरळ करायचा होता, आणि तिथं सोजरबाई परात घेऊन बसली.

तडजोड तिनंच काढली. डोहाचं पाणी जिथून सांडतं तिथं नदी पसरते. पोटरीभर वाहतं पाणी आणि खाली लहानमोठ्या गोट्यांचा पसारा. गाव त्याला गोटाळ म्हणतं.

"तुले भराव लागते ना?" सोजरबाई ठेकेदाराच्या सुपरवायझरला म्हणाली होती. नंदकुमार त्याचं नाव. "गोटाळीतले गोटे ने. पाह्यजे तेवढे ने. तिथी काय हाये? दगडं. माह्या डोहाले हात लावू नको."

सगळ्यांना पटलं. गोटाळीत कुणी कणीक टाकत नव्हतं, कुणी हात जोडत नव्हतं. आपण जिथं हात जोडतो तेवढीच जागा देवाची, बाकीची ठेकेदाराची, ही वाटणी आपल्याकडे शिकवावी लागत नाही.

त्या गर्दीत रश्मी एवढंच म्हणाली, "मम्मी, मासे अंडे कुठं देतात ते तरी आधी पाहून घेऊ ना."

"तुह्या बुधवाऱ्यात मासे नळाले येतात का वं?" सोजरबाई म्हणाली. लोक हसले. रश्मीनं तरी ते पुस्तकातच वाचलेलं, डोळ्यांनी कुठं पाहिलं होतं? गोटाळीचा विषय सासू-सुनेत पुन्हा निघाला नाही.

काठाचं पिचिंग वरून झालं, खालून झालं, मधलं फुटलेलं खिंडार, जिथं गोटाळीतले गोटे भरायचे होते, तेवढं राहिलं. मशीन दुसऱ्या कामावर गेलं, तिथं बिघडलं, मग डिझेलचं काहीतरी झालं. सांगायला कारणं बरीच होती. वर्ष असंच गेलं. त्या पावसाळ्यात पाऊस बेताचा होता म्हणून निभावलं. मशीन परत नदीकाठी उभं राहिलं तेव्हा पुढचा जून सरत आला होता.

त्या अमावास्येला सकाळी आभाळ गच्च होतं. गावात अजून थेंब नव्हता, पण वर सातपुड्यात पडला असावा, कारण नदी आदल्या दिवशी गढूळ होऊन वीतभर चढली होती आणि आता निवळत होती. सोजरबाई परात घेऊन ओट्यावर आली. काळ्या दगडाशेजारी बसली. पहिली गोळी सोडली.

काही झालं नाही.

एरवी तिच्या पावलांच्या आवाजानंच पाण्यात पाठी वळायच्या. तिनं दुसरी गोळी सोडली, मूठभर सोडल्या. दोन-चार बारक्या चिंगळ्या आल्या, टोचा मारून गेल्या. कणीक पाण्यात पांढरी विरघळत खाली गेली. सोजरबाई पायऱ्या उतरून पाण्याला टेकली आणि तळ पाहू लागली. एक खवला चमकत नव्हता. पहिलं मनात आलं ते विष. पण विषानं मेलेला मासा पोट वर करून तरंगतो आणि डोहावर काहीच तरंगत नव्हतं. म्हणजे जाळं. कुणीतरी अख्खा डोह झाडून नेला होता. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते झालं, आणि ते तिच्या पाळीत झालं. सासूला काय सांगू, नवऱ्याला काय सांगू, असं तिच्या मनात आलं. दोघंही जाऊन किती काळ लोटला, हे त्या क्षणी तिला आठवलं नाही.

नदीकाठी परकी माणसं कोण? मशीनवाली. परात ओट्यावरच टाकून सोजरबाई काठाकाठानं खाली निघाली.

मशीन गोटाळीच्या तोंडाशी उभं होतं. ऑपरेटर चंदन, तोच मागच्या वर्षीचा, नुकताच कामाला लागला होता. पहिली बकेट भरून त्यानं ट्रॉलीत ओतली होती. गोट्यांमधून पाणी टपकत होतं.

"मासे कुठी ठेवले रे?" सोजरबाई खालूनच ओरडली. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुरावा नाही, विचारपूस नाही. "रातच्यानं जाळं लावलं ना? देवाच्या डोहातले मासे खाल्ले ना तुमी?"

चंदननं इंजिन मंद केलं आणि खाली उतरला. "अम्मा, कसम से, तुमच्या डोहाकडे आमी पाहिलं पण नाही. डब्ब्यात भेंडी हाये, बघून घ्या." त्यानं खरंच डबा उघडून पुढं धरला.

"भेंडीच्या खाली पाहू दे."

त्यानं भेंडी पोळीवर उपडी केली. खाली डब्याचा तळ होता. शाळेला निघालेली रश्मी आवाज ऐकून स्कूटी लावून खाली आली होती. ती हे बघत उभी राहिली.

"मछली तो उधर है, अम्मा," चंदन डबा झाकत म्हणाला. "सकाळपासून गोट्यांवर उड्या मारू राह्यल्या. मी म्हटलं, डोहात पानी कम पडलं असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सोजरबाईनं मान वळवली. गोटाळीच्या वरच्या टोकाला, जिथं डोहाचं निवळ पाणी गोट्यांवरून खळाळत सांडतं, तिथं बाडस होते. पाणी इतकं उथळ की त्यांच्या पाठी बाहेर. मोठी मादी आडवी होऊन गोट्यांवर पोट घासत होती, दोन्ही बाजूंनी नर तिला रेटत होते आणि पाण्याचे फवारे उडत होते. मशीन चार हातांवर घरघरत होतं तरी एकही मासा हलत नव्हता.

रश्मीनं चपला काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात शिरली. जरा खालच्या अंगाचा एक गोटा अलगद उचलला, पाण्याबाहेर क्षणभरच धरला. खालच्या बाजूला ज्वारीच्या कण्यांसारखे पिवळे दाणे चिकटलेले होते.

"मम्मी, अंडे," ती म्हणाली आणि गोटा होता तसा परत ठेवला.

तिनं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, सोजरबाईला भांडता आलं असतं. सोजरबाईनं ट्रॉलीकडे पाहिलं. तिच्यातल्या ओल्या गोट्यांवरही तसेच दाणे होते. वाऱ्यानं गोटे सुकत होते आणि दाण्यांवरची चमक जात होती. गोटाळ तिनंच दिली होती. पाहिजे तेवढे ने, हे तिचेच शब्द होते.

"बंद कर ते," ती चंदनला म्हणाली.

तोवर नंदकुमार फोन कानाला लावूनच आला. मागून गजानन आणि खालच्या आळीची माणसं आली. फोन ठेवून नंदकुमारनं डोंगराकडे बोट केलं. तिकडं आभाळ काळंनिळं झालं होतं.

"मावशी, टाइम नाही हाये. वर तुफान पानी गिरू राह्यलं. उद्या नदी येईन. आज सांजपर्यंत खिंडार नाही भरलं तर ह्या वर्षी भरतच नाही."

"दुसरीकडून आण भराव."

"कुठून आणू? मुरमाची ट्रॉली काल वळणावर रुतली, अजून काळ्या मातीत एक्सलपर्यंत हाये. इथपर्यंत दुसरं काही येत नाही. इथले गोटे इथंच टाकाचे, असंच ठरलं होतं. तुमीच ठरवलं होतं."

"ह्या दिवसांत मासेमारीला बंदी असते, सर," रश्मी म्हणाली.

"मॅडम, आमी मासे कुठी पकडू राह्यलो? आमी गोटे घेऊ राह्यलो." नंदकुमार हे चिडून नव्हे, खरोखर समजावून म्हणाला. जाळं टाकणाऱ्याला धरायला कायदा आहे, बकेट टाकणाऱ्याला कोण धरणार?

"किती दिवस लागतात यांना?" त्यानं विचारलं.

"पिलं निघून पोहायला लागेपर्यंत आठ-पंधरा दिवस तरी."

"आठ दिवसांत तर काठच राहणार नाही."

सोजरबाईनं पदर खोचला. बसायचं तिला माहीत होतं. ती मशीनच्या समोर गेलीही आणि गुडघे वाकवणार तोच गजानन बोलला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर ती नक्की बसली असती.

"बस काकू. मागच्या साली बसली तशी बस. तुह्यावरून कोणी मशीन नेणार नाही. पण मंग माही बाग पुन्हा जाईन, अन् या टायमाले नुसती बाग नाही जाणार. मागं खालची आळी हाये. धुरपदाबाई खाटेवरून उठत नाही, तिले कोण उचलीन ते पण सांग."

सोजरबाई उभीच राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गजानन खोटं बोलत नव्हता. रश्मी खोटं बोलत नव्हती. गोटाळीवर ती मादी अजून पोट घासत होती. जीव घेऊन पळायचं सोडून तिथंच.

डोंगरात गडगडलं. चंदन पुन्हा मशीनवर चढला. बकेट पाण्यावर लोंबकळत होती. "साहब, बोलो. डालूं कि नहीं?"

नंदकुमार सोजरबाईकडे बघत होता. सोजरबाईनं नजर चुकवली, आणि चुकवलेली नजर वर काठाकाठानं जाऊन ओट्यावर पडली. परात तिथंच होती. भाईदास याच गोटाळीतून बैलगाड्या भरायचा, ते तिला आठवलं. चाक पाण्यात, बैल फुरफुरताहेत, आणि तो एकेक गोटा हातानं निवडून टाकतोय. त्या ओट्याच्या पोटात किती गोटे होते, ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि तिच्या मनात जे आलं त्यानं ती स्वतःच दचकली.

नको, असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. ओटा मागायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ज्या ओट्यावर नवऱ्याचा दहावा झाला, तो कुणी माणूस विधवेला मागतो का? ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. गोटे गेले असते, काठ भरला असता आणि पुढच्या अमावास्येला ती त्याच दगडाशेजारी बसून रिकाम्या डोहात गोळ्या सोडत राहिली असती. लोकांनी तिलाच पुण्यवान म्हटलं असतं.

"नंदकुमार," ती म्हणाली, "तेवढ्यानं खिंडार भरीन का?"

"कशानं?"

तिनं हात वर केला. त्यानं हाताच्या दिशेनं पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "मावशी, तो तर काकांचा..."

"कोणाचा हाये ते नाही इचारलं मी तुले. भरीन का ते इचारलं."

नंदकुमार ओट्यापर्यंत चालत गेला. भिंतीवर हात मारला, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, खिंडाराकडे नजर टाकली. सगळे वाट बघत उभे होते. "भरीन," तो परत येऊन म्हणाला. "मोठे दगड खाली, गोटे वर. भरीन."

"मम्मी, नको ना," रश्मी म्हणाली. माशांसाठी भांडणारी तीच आणि नको म्हणणारीही तीच. "दुसरं काही पाहू आपण. नीलेशला फोन तरी करू."

"नीलेश काय गोटे आणणार हाये दिल्लीहून?" सोजरबाई ओट्याकडे बघत म्हणाली. "त्याईनं हे गोटे इथूनच नेले होते. मी पडली म्हणून नेले. आता मी सांगते म्हणून परत देतीन." तिनं चंदनला मशीन वळवायला सांगितलं.

ट्रॉलीत आधी भरलेले गोटे रश्मीनं आणि आळीतल्या बायकांनी घमेल्यांतून उतरवले आणि वाहत्या पाण्यात एकेक करून ठेवले. यातले किती जगतील, असं एकीनं विचारलं. फार नाही, रश्मी म्हणाली, आणि ठेवत राहिली.

मशीनचा पहिला दात भिंतीत रुतला तेव्हा सोजरबाईनं डोळे मिटले. दुसऱ्या वेळी उघडे ठेवले. भिंत बाहेर कलली, ओट्याचं पोट फुटलं आणि आतून गोटे घरंगळत आले. इतकी वर्षं अंधारात राहूनही स्वच्छ, कोरडे, गोल. चंदन वरच्या पायरीपाशी आला आणि थांबला.

"अम्मा, ये नाम का पत्थर अलग रख दूं?"

माणसं तिच्याकडे बघू लागली. ठेवावा, असंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं. देवळात बसवू, घरात बसवू, चौकात बसवू.

"नको," सोजरबाई म्हणाली. "जड हाये तो. सगळ्यात खाली घाल, तळाले. वरचे दगड धरून ठेवीन."

काळा दगड पहिल्या ट्रॉलीत गेला. ओट्यावरून तिनं फक्त परात उचलली.

संध्याकाळपर्यंत खेपा चालल्या. गजानन स्वतः खिंडारात उभा राहून दगड लावत होता आणि सोजरबाईकडे मान वर करून बघत नव्हता. मोठे दगड तळाला बसले, त्यांवर गोटे, वरून माती. अंधार पडायच्या आत नंदकुमारनं मशीन काठावरून वर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी आली. आधी आवाज आला, मग लाकूडफाटा, मग गढूळ पाणी काठ चाटत वर चढू लागलं. सगळी आळी काठापासून मागं उभी होती. धुरपदाबाईला खाटेसकट शाळेत नेऊन ठेवलं होतं. पाणी पिचिंगच्या दगडांवर चढलं, भरलेल्या खिंडाराला येऊन धडकलं. वरची माती पहिल्याच तडाख्यात गेली. काही गोटे निसटले, गडगडत पाण्यात गेले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. गोट्यांखालचे मोठे दगड दिसू लागले, आणि दिसत राहिले. पाणी त्यांच्यावर आपटून वळत होतं, पुन्हा आपटत होतं. सोजरबाई शेजारच्या रश्मीला म्हणाली, "अंडे वाहून जातीन ना वं?"

"चिकटलेले असतात, मम्मी. पण सांगता येत नाही."

सोजरबाईनं मान हलवली. सुनेला एखादी गोष्ट सांगता येत नाही, याचं तिला एरवी बरं वाटलं असतं, आज वाटलं नाही.

पाणी दुसऱ्या सकाळी उतरलं. काठ जागेवर होता.

पावसाळाभर अमावास्येला पंचाईत झाली. ओटा नव्हता, काठ पुन्हा तसाच निसरडा. सोजरबाई परात घेऊन जायची आणि मागून रश्मी तिचा दंड घट्ट धरून उभी राहायची. आता घरातलं बोलायचं तर सून शेजारी. सोजरबाईला मोठाच प्रश्न पडला. दोन अमावास्या ती गप्प राहिली, तिसरीला सुनेदेखतच सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. रश्मी ऐकून घेत होती, मधूनच दुरुस्तही करत होती. बाडस डोहात परत आले होते. गोळी पाण्यात पडली की पाठी वळायच्या.

दिवाळी झाली, पाणी निवळलं, आणि एका सकाळी गजानन ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून सोजरबाईच्या दारात उभा राहिला. नवं धोतर, कपाळाला टिळा, ट्रॉलीत फावडी आणि घमेली.

"काकू, गावानं ठरवलं हाये. ओटा पुन्हा बांधाचा. पहिल्यापेक्षा मोठा, काकांच्या नावाचा. चाल, तुह्या हातानं पहिला गोटा टाक."

"गोटे कुठून आणशीन?"

"कुठून म्हणजे? गोटाळीतून. आता तं मोकळीच हाये ना ती."

सोजरबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की गजाननानं ट्रॅक्टरची चावी बंद केली. ती पुढं चालू लागली, तसा तो पुन्हा चावी फिरवून ट्रॅक्टर हळूहळू तिच्या मागं घेऊन निघाला. गोटाळीपाशी येऊन तिनं त्याला चपला काढायला लावल्या आणि पाण्यात उभं केलं. "हलू नको," म्हणाली. तो उभा राहिला. थोड्या वेळानं गोट्यांखालून करंगळीएवढी पिलं निघाली. पन्नास असतील, शंभर असतील. त्याच्या पायांभोवती जमली आणि टाचांच्या भेगांना तोंड लावू लागली. सगळीच काही बाडसाची नसतील, असं रश्मी मागाहून म्हणाली. पण काहींच्या अंगावर खवले मोजता येतील एवढे मोठे आणि पिवळसर दिसत होते. गजानन श्वास रोखून खाली बघत होता. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि पाय न पुसताच चपला घातल्या.

"मंग ओट्याचं कसं कराचं, काकू?" त्यानं हळूच विचारलं. "काकांचं नाव तं राह्यलं पाह्यजे ना."

सोजरबाईनं काठाकडे हात केला. भरलेल्या खिंडारावर गवत धरलं होतं आणि त्यामागे गजाननची नवी केळी छातीएवढी झाली होती.

"त्याईचं नाव तुह्या बागेच्या बुडाशी हाये," ती म्हणाली. "केळीले पाणी सोडतो ना रोज? तवा घेत जाय."

गजानन रिकामी ट्रॉली घेऊन परत निघाला. खिंडारापाशी आल्यावर त्यानं ट्रॅक्टर हळू केला.